चांदणी चौक (पुणे)

चांदणी चौक हा पुणे शहराच्या पश्चिम भागातील, कोथरूड व बावधन यांच्या दरम्यानचा रस्त्यांचा संगम आहे. येथे मुंबई–बंगळूर महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ४८) व मुळशीकडे जाणारा पौड रस्ता एकत्र येतात. दूर पल्ल्याची आणि शहरांतर्गत वाहतूक एकाच अरुंद जागेतून जात असल्याने येथे अनेक वर्षे वाहतूक कोंडी होत असे.

नियोजन व निधी
बहुस्तरीय उड्डाणपुलाचे भूमिपूजन केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते २७ ऑगस्ट २०१७ रोजी झाले. बांधकामाची जबाबदारी भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर भूसंपादनाची पुणे महानगरपालिकेकडे होती. जागामालकांना द्यावयाच्या मोबदल्यासाठी राज्य शासनानेही अर्थसाहाय्य केले. जागा वेळेत ताब्यात न आल्याने काम रेंगाळले. प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे ८६५ कोटी रुपये झाला.

जुना पूल
महामार्गाच्या रुंदीकरणात अडथळा ठरणारा जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे एकच्या सुमारास नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला. स्फोटानंतर उरलेला सांगाडा यंत्रांच्या साहाय्याने उतरवावा लागला.

लोकार्पण
१२ ऑगस्ट २०२३ रोजी गडकरी यांच्या हस्ते प्रकल्पाचे लोकार्पण झाले. त्यामुळे वाहनांची कोंडी कमी झाली. मात्र पादचाऱ्यांना महामार्ग ओलांडण्याची सुरक्षित सोय नसल्याच्या व दिशादर्शक फलक गोंधळात टाकणारे असल्याच्या तक्रारी पुढे आल्या.