दाभोळच्या विजेचा भाव कुणी ठरवायचा?

रविवार, २८ जानेवारी २००१. भूजच्या भूकंपाला दोनच दिवस झाले होते. सगळा देश टीव्हीसमोर बसून होता, आणि इकडे गुहागरजवळच्या एन्रॉनच्या प्रकल्पाकडे महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने पूर्ण क्षमतेने वीज मागितली. करारानुसार बंद असलेला प्रकल्प तीन तासांत पूर्ण क्षमतेला यायला हवा होता. मंडळाच्या म्हणण्यानुसार तो आला नाही. मंडळाने करारातल्या दंडाच्या कलमावर बोट ठेवलं, ४०१ कोटी रुपये मागितले आणि सांगितलं, तुमची बिलं यातून वळती करा. दाभोळ पॉवर कंपनीने दंड साफ नाकारला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या करारांतही हे असतं: बंद पडलेली सर्व्हिस किती वेळात उठली पाहिजे, नाही उठली तर किती पैसे कापायचे. पण ग्राहक हे कलम शोधून काढायला लागला, की समजावं, भांडण दुसऱ्याच कशाचं तरी आहे. इथे ते दराचं होतं, आणि तोवर आठ वर्षं जुनं झालं होतं.

हा दर समजायला घरचं वीजबिल पुरेसं आहे. त्यात ‘स्थिर आकार’ असतो, तो वीज वापरा न वापरा, भरावा लागतो. मग ‘वीज आकार’, वापराल तेवढा. दाभोळचा करारही असाच दोन भागांचा होता. फरक एवढाच की त्यातला स्थिर भाग प्रचंड होता आणि त्यातला बराचसा डॉलरशी बांधलेला होता. मंडळाने वीज उचलली नाही तरी तो चुकत नव्हता.

सोपे आकडे धरून बघू. समजा, स्थिर भाग महिन्याला १०० कोटी रुपये आणि इंधन युनिटमागे २ रुपये. महिन्यात ५० कोटी युनिट घेतले तर एक युनिट ४ रुपयांना पडतं. २० कोटीच घेतले तर तेच युनिट ७ रुपयांना. म्हणजे वीज महाग म्हणून कमी घ्यावी, तर ती आणखी महाग होते.

प्रत्यक्षात नेमकं हेच झालं. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन होतं नाफ्था, आणि तेलाचे भाव चढत होते. करार झाला तेव्हा डॉलर ३२ रुपयांच्या आसपास होता, २००१ उजाडेपर्यंत तो ४६ च्या पुढे गेला. इतर केंद्रांची वीज स्वस्त असल्यामुळे दाभोळची वीज सगळ्यात शेवटी उचलली जाई. २००० साली काही महिन्यांत तिचा दर युनिटला ७ रुपयांच्या वर गेला.

हे आधी कुणाला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. एप्रिल १९९३ मध्येच जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारलं होतं: एवढी वीज, या दराने, महाराष्ट्राला परवडणार नाही. तरीही ८ डिसेंबर १९९३ ला, स्पर्धात्मक निविदा न मागवता, करारावर सह्या झाल्या. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने १९९५ मध्येच हिशेब मांडून त्यातल्या खाचाखोचा दाखवल्या होत्या.

त्याच वर्षी सत्तेत आलेल्या शिवसेना-भाजप सरकारने ३ ऑगस्टला प्रकल्प रद्द केला. कंपनीने लगेच लंडनमध्ये लवादाची नोटीस दिली. राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: करार फसवणुकीने झाला, तो मुळातच रद्दबातल ठरवा.

माझ्या मते सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण हाच. कारण काही महिन्यांत वाटाघाटी झाल्या, १९९६ मध्ये सुधारित करार झाला आणि सरकारने दावा मागे घेतला. दर कमी केल्याचं सांगण्यात आलं, पण दोन्ही टप्प्यांची मिळून क्षमता २,०१५ मेगावॉटवरून २,१८४ वर गेली आणि स्थिर आकाराचा सांगाडा तसाच राहिला. ज्या कराराला आपणच फसवणूक म्हटलं, त्यावर आपणच पुन्हा सही केली. त्यानंतर ‘हा भाव मुळात रास्त होता का?’ हा प्रश्न कुठल्याही लवादापुढे मांडायला राज्याला तोंड उरलं नाही. उरली ती तीन तासांसारखी कलमं.

२००१ मध्ये मंडळाने त्यातलंच एक वापरलं. माधव गोडबोले समितीने एप्रिलमध्ये या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. मे महिन्यात मंडळाने करार संपुष्टात आणला, वीज घेणं थांबवलं, आणि प्रकल्प बंद पडला. कंपनी पुन्हा लंडनकडे निघाली होती. पण आता एक नवी संस्था होती: १९९९ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग. मंडळ तिथे गेलं, आणि आयोगाने कंपनीला लवादाकडे जाण्यापासून रोखलं. मग हे ठरवण्याचा अधिकार आयोगाचा की लवादाचा, यावरच कोर्टबाजी सुरू झाली.

वरवर हा वकिली घोळ वाटतो. पण लवादाची खोली बंद असते. तिथे दोनच पक्ष बसतात, आणि बिल भरणारा त्यातला एकही नसतो. आयोगापुढे सुनावणी उघड होते.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तिच्या भागीदारांनी मात्र लवाद सोडले नाहीत. २००५ मध्ये त्यांच्याशी तडजोड झाली, ती कोट्यवधी डॉलर मोजूनच. प्रकल्प एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे गेला.

आजही महावितरणची दरवाढ येते तेव्हा आधी जाहीर सूचना निघते, हरकती मागवल्या जातात आणि जनसुनावणी होते. तिथे कुणीही उभं राहून विचारू शकतं: हा स्थिर आकार कुठून आला? १९९३ मध्ये हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. आता ती आहे, पण पुढची सूचना निघेल तेव्हा आपल्यापैकी किती जण ती उघडून वाचतील?