एकच गोळी, वीस रोग: जुन्या जाहिरातींची गोष्ट



भोसरीहून मोशी, चाकण ओलांडून राजगुरुनगरकडे नाशिक रस्त्यानं जाताना कधी भिंती वाचल्यात का? मूळव्याध, मुतखडा, गुडघेदुखी, अंगावरून पांढरं जाणं, मूल न होणं. प्रत्येक दुखण्यापुढं एक फोन नंबर आणि "शंभर टक्के खात्री". आठवडे बाजारात पाल ठोकून बसलेला जडीबुटीवाला हेच सांगतो. आता तर मोबाइलवरही दिवसातून दोनदा असा एखादा निरोप येतोच.

पुष्कळांना वाटतं, हे मोबाइल आल्यावर वाढलं. तसं नाही. हा धंदा आपल्याकडं दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याची बोलण्याची ढबसुद्धा तीच आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

त्याआधीही औषधं होतीच. घरात आजीचा बटवा होता, गावात वैद्य होता, सुईण होती. पण ती माणसं ओळखीची होती. वैद्याचं औषध लागू पडलं नाही, तर त्याच्या दारात जाऊन विचारता येत होतं. एकोणिसाव्या शतकात मात्र एक नवीनच प्रकार आला. ज्याला आपण कधी पाहिलं नाही, त्यानं कुठंतरी लांब बनवलेलं औषध छापील कागदात गुंडाळून घरी येऊ लागलं.

ते कसं आलं, तेही पाहण्यासारखं आहे. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली पूर्ण झाली आणि मुंबईचा माल पुण्याला थेट येऊ लागला. पुण्यात ज्ञानप्रकाश १८४९ पासून निघत होतं, केसरी १८८१ साली सुरू झाला. वर्तमानपत्र चालवायला पैसा लागतो आणि जाहिरातवाले तो देत होते. १८७७ साली टपालखात्यानं व्ही. पी.ची सोय केली. म्हणजे पार्सल दारात येतं, पैसे टपालवाल्याला द्यायचे आणि ते सोडवून घ्यायचं. दोन वर्षांनी, १८७९ मध्ये, पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. झालं! जाहिरात वाचा, कार्ड टाका, औषध घरी. विकणाऱ्याचं तोंड बघायची गरज उरली नाही आणि त्यानंही रोग्याला बघायची गरज उरली नाही.

या धंद्यातला जगभर गाजलेला माणूस म्हणजे लंडनचा टॉमस होलोवे. १८३७ साली त्यानं मलम विकायला सुरुवात केली, मग गोळ्या आणल्या. पोटात घ्यायला गोळी, वरून लावायला मलम, आणि या दोन वस्तूंवर दमा, संधिवात, जंत, मूळव्याध, ताप, अशक्तपणा, बायकांच्या पाळीच्या तक्रारी, सगळं बरं होतं असा दावा. घेण्याची रीत सांगणारे कागद त्यानं हिंदुस्थानातल्या बहुतेक भाषांत छापून घेतले. १८८३ साली तो वारला, तेव्हा त्याचा जाहिरातींवरचा खर्च वर्षाला ५०,००० पौंडांवर गेला होता. तो पैसा कुठून येत होता? पेटीच्या किमतीतूनच. म्हणजे गिऱ्हाईक जाहिरातीचेच पैसे भरत होतं.

आणि हे फक्त गोऱ्यांनीच केलं असं नाही. आपल्या लोकांनीही ती रीत पटकन उचलली. जामनगरच्या मणिशंकर गोविंदजी या वैद्यशास्त्रींच्या आतंकनिग्रह गोळ्यांची जाहिरात देशभरच्या निरनिराळ्या भाषांतल्या पत्रांत येत असे. आतंक म्हणजे रोग, निग्रह म्हणजे त्याला आवरणं. नाव कसं भारदस्त! गोळ्या मुख्यतः "अशक्तपणा"वर, आणि सोबत एक पुस्तक फुकट. फुकट पुस्तकाचा मोह आपल्यालाही चांगलाच माहीत आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे आयुर्वेदावर बोट ठेवणं नाही आणि डॉक्टरीवरही नाही. ज्यानं रोगी बघितला नाही, औषधात काय आहे ते सांगितलं नाही आणि तरी हमी दिली, त्याच्याबद्दल हे बोलणं आहे.

मग त्या गोळ्यांत असायचं तरी काय? बरीच वर्षं ते कुणालाच कळत नव्हतं, कारण पेटीवर ते लिहिण्याची सक्ती नव्हती. अखेर १९०९ साली इंग्लंडातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं अशी गुप्त औषधं प्रयोगशाळेत तपासून घेतली आणि निकाल पुस्तकरूपानं छापला. बीचमच्या गोळ्या तेव्हा फार खपत होत्या. त्यांची पेटी एका गिनीच्या मोलाची आहे, अशी त्यांची जाहिरात असे. त्यांत निघालं काय? कोरफडीचा सुकवलेला रस, म्हणजे आपला काळा बोळ, सुंठ आणि साबण. पोट साफ व्हायचं, म्हणून माणसाला हलकं वाटायचं. हिशेब केला तर शंभर रुपयांच्या पेटीत एक रुपयाचाही माल नव्हता.

मैत्रिणींनो, साबण पोटात गेला तर एक वेळ चालेल. खरा धोका दुसऱ्या बाटल्यांत होता.

क्लोरोडाइन नावाचं एक औषध होतं. कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरनं ते हिंदुस्थानात असताना पटकीसाठी, म्हणजे कॉलऱ्यासाठी, तयार केलं. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होतं. त्यानं दुखणं थांबायचं, जुलाबही काही वेळ थांबायचे, झोप लागायची. म्हणून लोकांना वाटायचं, गुण आला. पण पटकीचे जंतू पाण्यातून येतात आणि अंगातलं पाणी संपलं की माणूस जातो. त्यावर अफूचा काय उपयोग? उलट त्याची सवय लागायची, आणि जास्त झालं तर जीवच जायचा. पुढं १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं असंख्य जीव वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे खरं औषध, आणि त्याची जाहिरात भिंतीवर कुणी रंगवत नाही, कारण त्यात कमाई नाही.

लहान मुलांचं तर आणखी वाईट होतं. अमेरिकेत मिसेस विन्स्लो यांचं "सूदिंग सिरप", म्हणजे बाळाला शांत करणारं पाक-औषध, १८४९ पासून विकलं जात होतं. दात येताना रडणाऱ्या बाळाला द्यायचं. बाळ शांत व्हायचं खरं, कारण आत मॉर्फीन होतं, अफूचाच अर्क. १९११ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं त्याला बालकांचे बळी घेणाऱ्या औषधांत घातलं.

आपल्याकडं काय होतं? आपल्याकडं बाळगोळी होती. तिच्यात अफू असायची आणि अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची. मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका कामाला जात. त्यांतल्या कितीतरी कोकणातून, घाटावरून, आपल्यासारख्याच गावांतून गेलेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी सरकारसाठी या बायकांची पाहणी केली. गिरणीत काम करणाऱ्या शंभरातल्या ९८ बायकांच्या बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं.

हा आकडा ऐकून त्या आयांना नावं ठेवू नका. दिवसभर उभं राहून काम, घरी सांभाळायला कुणी नाही, पाळणाघर नाही, रडणारं बाळ शेजारणीकडं ठेवायचं. गोळी दिली की बाळ झोपतं, आणि नोकरी टिकते. आज चाकण, म्हाळुंगे, निघोजेच्या कंपन्यांत पहाटेच्या पाळीला जाणारी आई ही अडचण लगेच ओळखेल. औषध खपतं ते बाई अडाणी असते म्हणून नाही. तिच्या अडचणीवर दुसरा काही इलाज समोर नसतो, म्हणून खपतं.

तशीच दुसरी अडचण लाजेची. त्या काळात पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं सांगायचं म्हणजे बाईला मरणाहून कठीण. आनंदीबाई जोशी यांचं बाळ दहा दिवसांचं असताना गेलं. बायकांना बाईच डॉक्टर हवी, ही ओढ त्यांना अमेरिकेला घेऊन गेली. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, पण क्षयानं खंगून १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. १८८६ मध्येच मुंबईला बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. पण खेडेगावातल्या बाईला मुंबई कुठली परवडायला? तिच्यासाठी टपालानं येणारी पेटी सोपी होती. पेटी काही विचारत नाही, तपासत नाही आणि कुणाला सांगतही नाही. जाहिरातवाल्यांनी नेमकं तेच हेरलं होतं. म्हणून "गुप्त रोग", "गुप्तता पाळली जाईल" हे शब्द तेव्हापासून आजपर्यंत भिंतीवर आहेत.

याच लाजेवर अमेरिकेत एका कंपनीनं मोठी कमाई केली. लिडिया पिंकहॅम या बाईंच्या नावाचं, बायकांच्या सगळ्या तक्रारींवरचं औषध होतं. त्यात १८ टक्क्यांच्या आसपास दारू होती. जाहिरातीत लिहिलेलं असे की आपलं दुखणं पिंकहॅम बाईंना पत्रानं कळवा. हजारो बायकांनी मन मोकळं करून पत्रं लिहिली, त्यांना उत्तरंही आली. १९०५ साली बायकांच्याच एका मासिकानं पिंकहॅम बाईंच्या थडग्याचा फोटो छापला. बाई १८८३ सालीच वारल्या होत्या! मग बावीस वर्षं पत्रं कोण वाचत होतं? कंपनीचे कारकून. त्याच मासिकानं, लेडीज होम जर्नलनं, १८९२ पासून अशा औषधांच्या जाहिराती घेणंच बंद केलं होतं. पैसे बुडाले, पण वाचणाऱ्या बायकांशी इमान राखलं.

आता आपल्या भागाकडं येऊ. १९५४ हे साल लक्षात ठेवा. त्या एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट पिंपरीत झाली. ज्याला आपण नुसतं "एच. ए." म्हणतो, तो हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्याला होती. १९५५ साली तिथं पेनिसिलिन बनू लागलं. ज्या क्षयानं आनंदीबाईंना नेलं, त्याच्यावरचं स्ट्रेप्टोमायसिनही पुढं पिंपरीतच तयार झालं.

पेनिसिलिनला सुरुवातीला लोक जादूच म्हणायचे. पण ते जादूच्या गोळीसारखं वागत नाही. ते ठरावीक जंतूंवरच चालतं. साध्या सर्दीवर चालत नाही, मधुमेहावर चालत नाही. काहींना त्याची ॲलर्जी असते, म्हणून आधी विचारावं लागतं. खऱ्या औषधाची ओळख इथंच पटते. आपण काय करू शकत नाही, तेही ते सांगतं. सगळं बरं करतो म्हणणाऱ्यानं तिथंच आपली ओळख दिलेली असते.

दुसरी गोष्ट दिल्लीत झाली. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना मनाई करणारा कायदा त्याच वर्षी झाला. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, फेफरं, बायकांचं वंध्यत्व अशा कितीतरी आजारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. पाळीच्या तक्रारी दुरुस्त करतो, गर्भ पाडून देतो, पुरुषांची ताकद वाढवतो, अशा जाहिरातींनाही बंदी आहे. ताईत, मंत्र, कवच हेसुद्धा त्यात येतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे नाशिक रस्त्यावरच्या निम्म्या भिंती कायद्याच्या विरुद्ध बोलतात. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं करता येते.

जुना धोका आजही गेलेला नाही. तेव्हा बाटलीत अफू होती, आज गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड सापडतं. दोन दिवसांत गुडघा हलका होतो आणि आपण म्हणतो, काय गुण आला! पण महिनोन् महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. आणि अशी पुडी बरेच दिवस घेत असाल, तर एकदम बंद करू नका, तेही घातक असतं. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखवा.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं घरातलं एक औषध घेऊन या, बाटली, डबी, पुडी काहीही. आणि सगळ्याजणी मिळून पाहा: आत काय आहे ते लिहिलंय का? बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परवाना नंबर आहे का? मुदत कधी संपते? आणि हे किती आजारांवर चालतं म्हणतात? इंग्रजी असो की आयुर्वेदिक, परवान्यानं बनलेल्या औषधावर ही माहिती असावीच लागते. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, ते बाजूला काढा. आणि ज्या मैत्रिणीनं ते आणलंय, तिला हसू नका. ते का घ्यावं लागलं, ते तिला विचारा. दवाखाना लांब आहे? डॉक्टर बाई नाही? सांगायला लाज वाटते? मूल सांभाळायला कुणी नाही? तिनं जे सांगितलं, ते आशाताईंच्या कानावर घाला आणि ग्रामसभेत मांडा. पाळणाघर मागायचं की उपकेंद्रात डॉक्टर बाईंचा ठरलेला वार मागायचा, ते त्यातूनच ठरेल.