सल्ला कोणाचा घ्यावा?

गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुने सभासद आले. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्यांनी घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून घेतले होते. 'वीजबिल शून्य होईल' असे विक्रेत्याने सांगितले होते. बिल कमी झाले. शून्य काही झाले नाही. शेजारच्या इमारतीची सावली दुपारी तीननंतर गच्चीवर येते, ही गोष्ट हिशेबात कोणी धरलीच नव्हती. ते म्हणाले, "भाऊ, मी चौकशी केली नाही असं नाही. पाच ठिकाणी विचारलं. पण पाचही जण विकणारेच निघाले!"

हे शेवटचे वाक्य आमच्या मनातून जाईना. आम्ही इंजिनिअर नव्हे. जे थोडेफार वाचले ते दोन संपांच्या मधल्या काळात, नगरवाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा आमच्या सवयीप्रमाणे आम्ही इतिहासाकडे वळलो, आणि या प्रश्नाचे उत्तर आम्हांस डेन्मार्कच्या इतिहासात सापडले.

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा मोठा मुलूख प्रशियाने व ऑस्ट्रियाने हिरावून घेतला. रडिंग गावची लोकशाळा सरहद्दीपलीकडे गेली. तेव्हा तिच्या शिक्षकांनी १८६५ साली अलीकडे, आस्कॉव येथे, नवी शाळा उघडली. ग्रुंटविगच्या विचारांतून निघालेल्या या शाळांत परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. शेतकऱ्यांच्या मुलांनी यावे, व्याख्याने ऐकावी आणि शहाणे होऊन घरी जावे. यानंतर दहाच वर्षांनी, १८७५ साली, पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. म्हणजे नाते अगदीच दूरचे नाही!

या आस्कॉवच्या शाळेत पॉल ला कूर हे विज्ञान शिकवीत. १८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी तेथे वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. वारा कधी मंद, कधी जोरात. त्यामुळे विजेचा दाब सांभाळण्याची युक्तीही त्यांनीच काढली. परंतु आमच्या मते त्यांचे मोठेपण यंत्रापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीत आहे. शहरात वीज आली होती, खेड्यात नव्हती. आणि खेडुताला विजेतले काय कळणार? विकणारा सांगेल ते खरे! म्हणून १९०३ साली ला कूर यांच्या पुढाकाराने पवन-विद्युत संस्था निघाली. वीजघर कसे उभारावे याचा सल्ला ती गावांना देई. १९०४ पासून आस्कॉवला खेड्यांतील तरुणांसाठी वीजकामाचे वर्ग भरू लागले. गावाला समजावून सांगणारा माणूस गावातच तयार व्हावा, ही त्यामागची दृष्टी. या वर्गातच शिकलेल्या योहानेस यूल यांनी पुढे १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॉटची पवनचक्की उभी केली.

पुढे तेल स्वस्त झाले आणि वारा विसरला गेला. १९७३ च्या तेलसंकटाने डेन्मार्कचे डोळे उघडले. त्या वेळी देशाची सुमारे नव्वद टक्के ऊर्जा आयात तेलावर चालत होती. मग क्रिस्टियान रीसागर नावाच्या सुताराने आपल्या अंगणात पवनचक्की बांधून ती सार्वजनिक वीजवाहिनीला जोडली. त्याचे पाहून इतरही सरसावले. पण चक्क्या वादळात मोडू लागल्या, आणि आमच्या सभासदाचा प्रश्न तेथेही उभा राहिला : विश्वास कोणावर ठेवायचा?

डेन लोकांनी दोन गोष्टी केल्या. १९७८ साली चक्कीमालकांनी आपली संघटना बांधली. कोणाच्या चक्कीने महिन्याला किती युनिट वीज दिली आणि कोठे काय मोडले, हे ते नावानिशी मासिकात छापू लागले. एक ब्रेक निकामी झाला तरी दुसऱ्याने चक्की थांबली पाहिजे, असा आग्रह कारखानदारांकडे त्यांनीच धरला. दुसरी गोष्ट सरकारने केली. रिसो येथे तपासणी केंद्र उघडले, आणि १९७९ पासून तीस टक्के अनुदान तपासून पास झालेल्या चक्कीलाच देण्याचे ठरवले. याशिवाय १९७५ साली स्थापन झालेल्या अक्षय ऊर्जा संघटनेच्या चळवळीतून ठिकठिकाणी सल्ला-कचेऱ्या निघाल्या. तेथे बसणाऱ्याला काही विकायचे नसे.

याच सुमारास अमेरिकेत काय घडले? घरावर सौर बंब बसवणाऱ्याला १९८० पासून खर्चाच्या चाळीस टक्के, जास्तीत जास्त चार हजार डॉलर, करसवलत मिळू लागली. विक्रेत्यांचे पेव फुटले. १९८५ च्या अखेरीस सवलत संपली आणि पुष्कळ कंपन्यांनी गाशा गुंडाळला. घरावर बंब राहिला, दुरुस्त करणारा राहिला नाही.

आज आपल्याकडेही सरकारी मदत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले. योजना चांगली आहे. पण अनुदान म्हणजे सल्ला नव्हे. वाटाघाटीला बसताना आम्ही नेहमी आधी विचारतो, हा माणूस कोणाच्या पगारावर आहे? गच्चीचा सल्ला घेतानाही हेच विचारावे. मग बारा महिन्यांची खरी बिले पाहावी. त्यांत पावसाळ्याची आवर्जून पाहावी. आणि पाच वर्षांनी बिघाड झाला तर शिडी लावून वर कोण चढणार, हे लेखी घ्यावे.

हे सारे आम्ही त्या सभासदांना सांगितले. चार दिवसांनी ते परत आले आणि आपली वर्षभराची बिले त्यांनी टेबलावर ठेवली. किती युनिट वीजवाहिनीला दिले, किती घेतले, सारे त्यांत छापलेले होते. "फसलो हे लोकांना कळेल, कळू दे. पुढचा तरी बघून घेईल." ती बिले आम्ही कचेरीच्या फळ्यावर लावली. आतापर्यंत आणखी सहा घरांची बिले तेथे आली आहेत. आपल्यापैकी ज्यांनी गच्चीवर पॅनेल बसवले आहेत, त्यांनी आपलीही आणून द्यावीत, एवढी आमची विनंती आहे.