जुगलबंदीतली ‘बंदी’

गेल्या महिन्यात नववीच्या मुलांना मराठीच्या तासाला काही शब्द दिले आणि वाक्यं करायला सांगितली. त्यांत ‘जुगलबंदी’ हा एक शब्द होता. वह्या तपासायला घेतल्या, तर बहुतेकांचं वाक्य एकच: दोन नेत्यांमध्ये जुगलबंदी रंगली. एकाने तर ‘जुगलबंदीत तिघे जखमी झाले’ असं लिहिलं होतं. हसू आलं, पण मुलांना दोष तरी काय द्यायचा? वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर हा शब्द त्यांना असाच भेटतो. ठरवलं, एक पूर्ण तास या शब्दासाठी द्यायचा. त्या तासासाठी जी जुळवाजुळव केली, ती इथे लिहिते आहे.

आधी शब्दच पाहू. ‘जुगल’ म्हणजे संस्कृतातलं ‘युगल’, जोडी. ‘बंदी’ आली फारसीतून. ‘बस्तन’ म्हणजे बांधणे, या क्रियापदाच्या कुळातली. बंदिश, तटबंदी, कमरबंद, बंदोबस्त ही सगळी तिची भावंडं. दारूबंदी आणि नोटाबंदीमुळे ‘मनाई’ हाच अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसला आहे. जुगलबंदीत मात्र जुना अर्थ टिकून आहे: दोघांना एकत्र बांधणं. आपली सनईसुद्धा फारसी नावाचीच मराठी लेक आहे.

नाशिकचा आणि जुगलबंदीचा एक धागा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, इथेच वाढले. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात बैजूसाठी ते गायले आणि तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ. संगीत नौशाद यांचं, राग देसी. पडद्यावर ती स्पर्धा आहे. बैजूच्या गाण्याने दगड पाघळतो आणि तानसेन हरतो. कथेला हार-जीत लागते, त्याला इलाज नाही. पण पडदा विसरून नुसतं ऐकलं, तर दोन गवई एकमेकांच्या सुरावर पाय ठेवून पुढे जाताना ऐकू येतात. तीनच वर्षांनी पलुस्कर गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यांचा हा तुकडा लाखो लोकांच्या कानांत राहिला, तोही दुसऱ्याच्या सोबतीने गायलेला.

वाद्यांची जुगलबंदी मी पहिल्यांदा ऐकली अब्बांच्या दुकानात. जुन्या नाशकात त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे बसायचे. पंचवटीतले एक गुरव काका यायचे. लग्नसराईत सनई वाजवायचे, स्वतःकडे टेप नव्हता. आले की म्हणायचे, “मिस्त्री, आमच्या दोघांना लावा.” आमचे दोघं म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खाँ आणि पंडित व्ही. जी. जोग. शहनाई आणि व्हायोलिन.

बिस्मिल्ला खाँ १९१६ चे, बिहारमधल्या डुमरावचे, पण आयुष्य बनारसमध्ये गेलं. मामा अली बख्श काशी विश्वनाथ मंदिरात शहनाई वाजवायचे, तेच त्यांचे गुरू. जोग १९२२ चे, मूळचे आपल्या वाईचे. पंडित रातंजनकरांकडे शिकले, उस्ताद अल्लाउद्दीन खाँकडेही शिकले, आकाशवाणीत नोकरी केली, पुढे कोलकात्यात स्थायिक झाले. एकाचं वाद्य देवळाच्या आणि लग्नाच्या दारातलं, दुसऱ्याचं युरोपातून आलेलं. दोघांचे गुरू वेगळे, वाटा वेगळ्या. तरी १९६० च्या दशकात एचएमव्हीने काढलेल्या त्यांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या.

काका मला बोट दाखवून ऐकायला शिकवायचे. “पोरी, सनईचा सूर लाकडातच ठरलेला असतो. पत्तीने नि ओठाने थोडा इकडेतिकडे होईल, जास्त नाही. म्हणून व्हायोलिनवाल्याने खुंट्या पिळून सनईकडे यायचं.” मग म्हणायचे, “पण सनई पडली अंगणातली बाई, तिचा आवाज मोठा. व्हायोलिन ऐकू यावं म्हणून खाँसाहेब फुंकर कशी आवरतात बघ.” दमसास कितीही असला तरी सनईवाल्याला श्वास घ्यावा लागतो, गजाला तसं थांबावं लागत नाही. एकाचा श्वास तुटतो तिथे दुसऱ्याचा ‘सा’ लागलेला असतो. शेवटाकडे सवाल-जवाब येतात. आपल्या कलगी-तुऱ्यात उत्तर आलं नाही की फड हरला. इथे मात्र एकाने घेतलेली जागा दुसरा आपल्या वाद्याच्या बोलीत फिरवून परत देतो, तुकडे लहान होत जातात आणि दोघं मिळून तिहाई घेऊन एकाच समेवर येतात.

हे सगळं व्हायला वेळ लागतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. त्यात एकट्याचाच राग कसाबसा मावायचा. लाँग प्ले आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली, तेव्हा दोघांना एकमेकांसाठी थांबायची सोय झाली. पंडित रविशंकरांची सतार आणि उस्ताद अली अकबर खाँचा सरोद ही जोडी तर एकाच गुरूची. अल्लाउद्दीन खाँ सप्टेंबर १९७२ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये मुलगा आणि जावई शेजारी बसून वाजवत होते, तबल्यावर अल्लारखाँ. ते ध्वनिमुद्रण आजही मिळतं.

आमच्या मोहल्ल्यात गाणंबजावणं न आवडणारेही होते. अब्बा कोणाशी वाद घालत नसत. अजान सुरू झाली की आवाज बंद करायचे. पुढे पुढे अब्बांचे हात कामात असले, तर काकाच उठून बटण फिरवायचे.

डिसेंबर १९९२ मध्ये मी बारा वर्षांची होते. त्या दिवसांत काका यायचे थांबले. अब्बाही पंचवटीत गेले नाहीत. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं, भांडण नव्हतं. दोघंही घाबरलेले होते, एवढंच. फेब्रुवारीत एका दुपारी काका दारात उभे राहिले. अब्बांनी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. अब्बांनी कॅसेट लावली, चहा मागवला. काका एक बाजू पूर्ण होईपर्यंत बसले आणि गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. त्यानंतर अनेक वर्षं येत राहिले. त्या दोन महिन्यांबद्दल ते दोघं कधीच बोलले नाहीत. बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता दोघंही नाहीत. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

वर्गात मी मोबाइलला स्पीकर जोडून तीच जुगलबंदी लावली. पाच मिनिटं चुळबुळ झाली, मग मुलं ऐकू लागली. सवाल-जवाब सुरू झाले तशी मागच्या बाकावरची मुलं बोटांनी बाकावर ठेका धरायला लागली. ‘तिघे जखमी’वाल्याने विचारलं, “टीचर, आत्ता कोण वाजवतंय?” मी म्हटलं, “नीट ऐक, तूच सांग.” त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, “दोघं.”

त्याला वाक्य पुन्हा लिहून आणायला सांगितलं आहे.