सेंट पॅट्रिकचा ड्राय डे

१७ मार्च १९५४, बुधवार, डब्लिन. ओ'कॉनेल रस्त्यावर नेल्सनचा दगडी स्तंभ उभा दिसतोय ना? मग साल बरोबर आहे; १९६६ मध्ये तो सुरुंगाने उडणार आहे. हिरव्या टोप्या आणि बिअरचा महापूर बघायला आला असाल, तर फसलात. मिरवणुकीचा तो धांगडधिंगा अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी वाढवला. इथे आज, सेंट पॅट्रिकच्या सणाला, चर्चमधली मिस्सा चुकवणं म्हणजे पाप.

पोटात कावळे ओरडताहेत. मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून उपास. पाणी प्यायची मोकळीकसुद्धा पोपनी गेल्याच वर्षी दिली. चहाचं नाव काढू नका. घरमालकीणबाई तुमच्या कोटाला शॅमरॉकच्या तिपानी पाल्याची जुडी टोचतात. तसलीच एक जुडी त्यांनी डबीत घालून लंडनला लेकाकडे कधीच धाडली आहे. या दशकात घरोघरचं कुणीतरी बोटीत बसलंय.

तुम्ही सेंट पॅट्रिक कॅथीड्रलची वाट विचारता, तशा बाई दचकतात. ते प्रॉटेस्टंटांचं! देशाच्या संताचं कॅथीड्रल त्यांच्याकडे, गर्दी मात्र कॅथलिकांच्या प्रो-कॅथीड्रलमध्ये. तिथे बायकांची डोकी झाकलेली. मागे दाराशी पुरुष टोपी जमिनीवर टाकून तिच्यावर एकच गुडघा टेकतात. मिस्सा लॅटिनमध्ये, शेवटी पॅट्रिकचं स्तोत्र सुरू झालं, की हे दारवालेही आवाज चढवतात.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू असला तरी आज पोरांना सोडलेली चॉकलेटं खायची सूट आहे. रस्त्यावर ट्रकमागून ट्रक स्वदेशी माल मिरवत जातात. ही मिरवणूक खरं तर कंटाळवाणी आहे. क्रोक पार्क मैदानावर गेलिक खेळांच्या रेल्वे कपचे अंतिम सामने, तिथे जीव ओतून आरडाओरडा.

आणि घसा ओला करायचा तर? पबना कुलपं. आपल्याकडच्या गांधी जयंतीसारखा कडक ड्राय डे, १९२० च्या दशकातल्या कायद्याने आलेला. या दिवशी पब उघडायला १९६१ उजाडेल. पण कायद्याला फट असतेच. बॉल्सब्रिजला कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं आणि तिथल्या बारला परवानगी आहे. म्हणून आज अख्ख्या डब्लिनला श्वानप्रेमाचं भरतं आलंय! तिकीट काढा, आत शिरा. बारपाशी पाय ठेवायला जागा नाही, आणि शेजारचे गृहस्थ ग्लास सावरत तक्रार करताहेत, की इथे कुत्री फार झालीत.