इंद्रायणीचा वास आणि ब्रोकाचं वाक्य

भात निसवायच्या दिवसांत पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि वडगाव सोडलं की दारात उभे राहा. खाचरांवरून जो वास येतो तो इंद्रायणीचा. ही जात वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आली. तिच्या आईबापांपैकी एक आंबेमोहोर १५७, आणि सुगंध त्याच्याकडूनच आलेला. वासामागचा मुख्य रेणू आहे २-असिटिल-१-पायरोलीन. अमेरिकेत रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो शिजवलेल्या सुवासिक तांदळात ओळखला आणि माणसाला तो किती कमी असला तरी कळतो हेही मोजलं. उत्तर आलं ०.१ पीपीबी, म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम.

आता याच्या शेजारी एक वाक्य ठेवा: ‘इतर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत माणसाचं घ्राणेंद्रिय दुबळं असतं.’ तुम्हीही हे कुठेतरी वाचलं असेल. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्याची सुरुवातच या वाक्यानं होती, पुढे एका रिव्ह्यू पेपरचा संदर्भ ऐटीत जोडलेला. गाइडनी समासात पेन्सिलनं दोनच शब्द लिहिले: ‘कोणी मोजलं?’

मी शोधत मागे गेले. रिव्ह्यू पेपर एका जुन्या रिव्ह्यूकडे बोट दाखवत होता, तो एका पाठ्यपुस्तकाकडे, आणि माग शेवटी एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये पॉल ब्रोकापाशी थांबला. वाचाकेंद्रामुळे आपल्याला माहीत असलेला तोच ब्रोका. १८७०च्या दशकात त्यानं सस्तन प्राण्यांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवून पाहिले. माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग प्रचंड, आणि त्याखालचे घ्राणकंद मेंदूच्या मानानं अगदी बारीक. यावरून त्यानं माणसाला वासावर न जगणाऱ्या प्राण्यांच्या गटात टाकलं. वासाच्या ओढीतून सुटलो म्हणून आपण विचार करू लागलो, असा त्यामागचा तर्क होता. पण या वर्गीकरणासाठी त्यानं कुणालाही काही हुंगायला दिलं नव्हतं. पुढच्यांनी त्याचे शब्द आणखी पक्के केले, आणि आकारावरून काढलेला अंदाज मोजलेल्या गोष्टीसारखा फिरू लागला.

(‘माणूस दहा हजार वास ओळखतो’ या आकड्याचीही तीच गत. १९२७ साली क्रॉकर आणि हेंडरसन या दोघांनी मूळ वास चार मानले, प्रत्येकाच्या तीव्रतेच्या नऊ पायऱ्या धरल्या. नऊचा चौथा घात ६५६१. पुढे कुणीतरी तो गोल करून दहा हजार केला. २००४च्या नोबेलच्या प्रसिद्धिपत्रकातही तो आहे!)

त्या नोबेलमागचं काम मात्र भक्कम होतं. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांमध्ये गंधग्राहींच्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं. घुशी-उंदरांत अशी जनुकं हजाराच्या आसपास, माणसात चालू अवस्थेतली साधारण चारशे. नाकाच्या छताशी असलेली प्रत्येक घ्राणपेशी बहुतेक एकाच प्रकारचा ग्राही वापरते. तिचा धागा हाडाच्या चाळणीतून वर घ्राणकंदात जातो आणि त्याच ग्राहीच्या बाकी पेशींचे धागेही तिथे ठरावीक गुच्छांत येऊन मिळतात. एक रेणू अनेक ग्राहींना कमीजास्त चाळवतो, त्यामुळे कंदात प्रत्येक वासाची वेगळी नक्षी उमटते. पुढची वाट सरळ पिरिफॉर्म कॉर्टेक्स आणि अमिग्डालाकडे, म्हणजे ओळख, आठवण आणि भावना यांच्या मुलखात. दृष्टी आणि श्रवणाला आधी थॅलॅमसमध्ये थांबावं लागतं, वासाला तो थांबा नाही.

म्हणजे चारशे ग्राही असणारा हजारवाल्यापुढे हरणारच? तसं नाही, कारण अर्थ लागतो तो ग्राहींच्या जुळणीतून, आणि ती वाचायला मागे मोठा मेंदू आहे. २००७ साली बर्कलीत ३२ जणांना डोळे-कान झाकून गवतावर ओढलेल्या चॉकलेटच्या वासाच्या रेघेवर रांगायला लावलं, तर दोनतृतीयांश जणांनी माग काढला आणि सरावानं ते आणखी वेगानं काढू लागले. शेवटी २०१७ साली जॉन मॅकगॅन यांनी ‘सायन्स’मध्ये ब्रोकापासूनची सगळी वंशावळ मांडली. घ्राणकंदातल्या पेशींची संख्या बऱ्याच सस्तन प्राण्यांत एकाच पट्ट्यात असते, हेही त्यांनी दाखवून दिलं. लहान होता तो फक्त कंदाचा मेंदूच्या मानानं असलेला वाटा. कुत्रा आपल्याला अनेक वासांत हरवेल, पण सगळ्यांत नाही.

हा वाद फक्त लिटरेचर रिव्ह्यूपुरता वाटत असेल, तर २०२० आठवा. कामशेतला राहणारी माझी आत्या त्या वर्षी घरातच अडकून होती. ताप नाही, खोकला नाही. एक दिवस चुलीवरचा भात करपला, शेजारीण धावत आली आणि आत्या मात्र शांतपणे शेंगा सोलत बसलेली. नंतर तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली. ‘मला वास येत नाहीये’ असं ती एकदाही म्हणाली नव्हती, कारण तिला ते जाणवलंच नव्हतं. (विषाणूचा पहिला मारा बहुधा घ्राणपेशींवर नव्हे, त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर होतो, हेही त्याच वर्षी पुढे आलं.)

त्याच सुमारास पुण्यात आयसरमधल्या निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांना वास शिकवण्याचा अनुभव माणसांकडे वळवला. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासोबत त्यांनी वासाच्या तीव्रता नेमक्या देणारं उपकरण लक्षणं नसलेल्या बाधितांवर वापरलं. आपल्याला वास नीट येतो असं सांगणाऱ्यांपैकीही अनेकांची क्षमता मोजमापात घसरलेली निघाली.

आत्याचा वास चारेक महिन्यांनी परतला. पहिल्यांदा कळला तो इंद्रायणीचाच, तोही आधी अर्धवट. ‘भातासारखा आहे, पण आपला नाही,’ असं ती फोनवर म्हणाली होती. मी ते तारखेसकट वहीत लिहून ठेवलंय.