ओंडक्यांची रेल्वे : एफ्राइम शे यांचे एका अंगाला झुकलेले इंजिन

१/
रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती घडवणाऱ्या अनेक छांदिष्टांचे मन भरधाव मेलगाड्यांपेक्षा एका संथ, बेढब इंजिनात अधिक रमते. त्याचा बॉयलर डावीकडे सरकलेला असतो, तर सिलिंडर उभे आणि सगळेच्या सगळे उजव्या अंगाला. अमेरिकेच्या जंगलांतून ओंडके वाहणारे हे ‘शे’ इंजिन. त्याला हे रूप दिले ते अडचणीने.

२/
एफ्राइम शे (१८३९–१९१६) हे मिशिगन राज्यातील हेरिंग येथील लाकूड व्यावसायिक. तोडलेले ओंडके हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्यांनी ओढले जात. बर्फ कमी पडला की माल जंगलातच अडकून राही. म्हणून शे यांनी १८७०च्या दशकात लाकडी रूळ टाकले. नेहमीच्या धाटणीचे इंजिन ते रूळ खराब करी. ओंडक्यांनी भरलेल्या वाघिणी मात्र त्यांवरून सुखरूप जात.

३/
फरक चाकांच्या मांडणीत होता. इंजिनाची मोठी चाके ताठ चौकटीत जखडलेली. वाघिणीची लहान चाके वळणाबरोबर वळणाऱ्या बोगींवर. मग इंजिनच वाघिणीसारखे का असू नये? शे यांनी सपाट वाघिणीवर बॉयलर आणि यंत्र चढवले. ओहायोतील लिमा गावच्या कारखान्याने १८८० मध्ये या धर्तीचे इंजिन बांधले आणि १८८१ मध्ये शे यांना पेटंट मिळाले.

४/
उभ्या सिलिंडरांतील दट्टे चाकांच्या बाहेरून जाणारा एक लांब दांडा फिरवत. हा दांडा सांध्यांचा असल्याने वळणावर मुडपे आणि दातेरी चाकांमार्फत प्रत्येक आसाला गती देई. त्यामुळे इंजिनाचे एकही चाक निव्वळ भार वाहणारे नसे, सगळी ओढत. यंत्राचे वजन उजवीकडे पडे, म्हणून तोल साधण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवला गेला. दांडा चाकांहून कितीतरी जलद फिरे. धापा ऐकून गाडी भरधाव वाटे. प्रत्यक्षात माणूस पळत तिला गाठू शके.

५/
वाघिणीही तितक्याच काटकसरीच्या. काहींना तळ नसेच. दोन बोगींना जोडणारी एकच तुळई असे. काहींत तीही नसे. दोन सुट्या बोगींवर ओंडका टाकला की तो ओंडका हाच वाघिणीचा सांगाडा होई.

६/
प्रतिकृतिकाराला हे सारे जवळचे वाटते, कारण त्याची अडचणही तीच : अपुरी जागा. मुख्य लोहमार्गावरचे १००० फूट त्रिज्येचे वळण १:८७ या प्रमाणात जवळजवळ साडेतीन मीटर त्रिज्येचे होते. त्याला दिवाणखानाही पुरत नाही. जंगलरेल्वेचे १०० फुटांचे वळण ३५ सेंटिमीटरमध्ये बसते. टेबलावर मुख्य मार्गाला करावी लागणारी तडजोड इथे वास्तवच असते.

७/
लिमाच्या कारखान्याने १९४५ पर्यंत अशी सुमारे २,७७० इंजिने बांधली. ‘क्लायमॅक्स’ आणि ‘हाइस्लर’ ही दातेरी चाकांवर चालणारी प्रतिस्पर्धी इंजिनेही जंगलांत उतरली. तैवानमधील आलिशानच्या डोंगरी रेल्वेनेही ‘शे’ इंजिनेच निवडली.

८/
मात्र या रेल्वेच्या यशातच तिचा शेवट होता. एका उतारावरची झाडे संपली की रूळ उखडून पुढच्या उतारावर टाकले जात. सगळे जंगल संपले की इंजिन भंगारात जाई. मिशिगनची पांढऱ्या पाइनची अफाट वने एकोणिसाव्या शतकाअखेरीस बव्हंशी तोडली गेली होती.

९/
वेस्ट व्हर्जिनियातील कॅस येथे १९०१ मध्ये सुरू झालेली जंगलरेल्वे वाचली. १९६० मध्ये तेथील लाकूडतोड थांबली. १९६३ पासून त्याच मार्गावर पर्यटकांची गाडी धावू लागली. १९०५ मध्ये बांधलेले ‘शे’ इंजिन तेथे जतन केले आहे. १०० फुटांमागे ९ फुटांहून अधिक चढ असलेल्या त्या डोंगरावर आज पुन्हा जंगल वाढले आहे.

१०/
म्हणूनच जंगलरेल्वेची प्रतिकृती घडवताना गर्द हिरवी झाडी लावून थांबणे हे अर्धेच सत्य ठरते. रुळांच्या दुतर्फा बुंध्यांची रांग, मागे पडलेल्या फांद्यांचा खच आणि उघडा पडलेला उतार दिसला, तर शे यांच्या कल्पकतेबरोबर तिची किंमतही त्या टेबलावर मांडली जाते. इतिहासाची प्रतिकृती ती हीच.